तीन मिनिटांचं लग्न

रोज सकाळी, स्टॉकहोमच्या नगरभवनाचे दरवाजे उघडण्याआधी, मायलीस निळ्या दालनाचा दगडी जिना एकदा वरून खाली उतरायची. पायांकडे न बघता, नजर समोरच्या भिंतीवरच्या चांदणीवर ठेवून. या दालनातल्या मेजवानीला आलेल्या बायकांनी लांब झग्यातही मान ताठ ठेवून उतरावं म्हणून ती चांदणी तिथे आहे, असं सगळे सांगतात. मायलीसच्या अंगावर झगा नसे, गडद गणवेश असे आणि पायात रबरी तळव्यांचे बूट. तरी ती अशी उतरायची की खाली फरशी पुसणारी झेनेप हात थांबवून बघत राही.

शनिवारी वरच्या खोलीत लग्नं लागत. जोडप्यांना तिथवर न्यायचं आणि साक्षीदार कमी पडला तर स्वतः उभं राहायचं, हे मायलीसचं बावीस वर्षांचं काम. लग्न दोन प्रकारचं : छोटं मिनिटभराचंही नाही, मोठं तीन मिनिटांचं. बहुतेक जण छोटं मागत.

"का? बस चुकतेय तुमची?" मायलीस विचारायची.

या एका प्रश्नाने ओशाळून कित्येकांनी मोठं लग्न केलं. त्याचा मजकूर तिला तोंडपाठ होता. लग्न लावणारा लेन्नार्ट वाचू लागला की मागे उभ्या मायलीसचे ओठ त्याच्याबरोबर हलत.

तिचं स्वतःचं लग्न मात्र झालेलं नव्हतं. ती आणि हेनिंग एकतीस वर्षं एका घरात राहत होते. आजूबाजूची निम्मी घरं तशीच होती. हेनिंग फेरीबोटीवर इंजिन सांभाळायचा. "आठवड्याला दहा लग्नं बघतेस, घरी अकरावं कशाला?" म्हणायचा. ती हसून सोडून द्यायची. तिला ते अकरावं हवं होतं. पण मागून मिळालेलं नको होतं.

मग हेनिंगच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बसल्यावर तो पावाकडे बघतच म्हणाला, "शनिवारी तुमच्याकडे एखादी वेळ रिकामी असते का गं?"

"कुणासाठी?"

"आहे एक म्हातारा. जरा उशिरा सुचतं त्याला."

लग्नाला अडथळा नसल्याचा सरकारी दाखला यायला तीन आठवडे लागले. "सरकार तुझ्यापेक्षा चपळ निघालं," मायलीस म्हणाली.

शस्त्रक्रियेच्या चार दिवस आधी हेनिंग जिना चढून वर आला. दर पाच पायऱ्यांना थांबत होता, ओठ निळसर पडले होते. मायलीस लेन्नार्टच्या कानाशी लागली, "छोटं वाच."

हेनिंगने ऐकलंच. "अजिबात नाही! बावीस वर्षं छोट्या लग्नवाल्यांची चेष्टा ऐकतोय मी. मोठं."

"अरे, उभं राहवत नाहीये तुला."

"मग खुर्ची द्या. बसून लग्न लागत नाही का, लेन्नार्ट?"

"मी लावलेलं मोडत नाही, एवढं सांगतो," लेन्नार्ट म्हणाला.

खुर्ची आली. साक्षीदार म्हणून झेनेप आणि दारावरचा पहारेकरी उभे राहिले. लेन्नार्ट वाचू लागला. खिडकीबाहेर मेलारेन सरोवराचं पाणी चकाकत होतं. हेनिंगने तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. त्याला विचारलं तेव्हा तो इतक्या मोठ्याने "हो" म्हणाला की त्याला खोकला आला. मग लेन्नार्ट मायलीसकडे वळला. सवयीने तिचे ओठ त्याच्याबरोबर हलले, सगळा प्रश्न तिने मनात म्हटला, आणि ती गप्प उभी राहिली, नवरी उत्तर देईल म्हणून.

हेनिंगचा चेहरा पडला.

"मायलीस!" झेनेप कुजबुजली. "अगं, नवरी तू आहेस!"

तेव्हा कुठे तिने "हो" म्हटलं. मग पुन्हा एकदा, मोठ्याने.

जिना उतरताना हेनिंग पायांकडे बघू लागला. तिने त्याची हनुवटी हलकेच वर केली. दोघे चांदणीकडे बघत, एकेक पायरी करत, खाली आले.

शस्त्रक्रियेतून तो उठला. नऊ वर्षांनी, मार्चमधल्या एका दुपारी, आधी गेली ती मायलीसच. हेनिंग सांगतो, त्या सकाळी ती खिडकीपाशी बसली होती. तो घाईघाईने कॉफी ओतत होता, थोडी बशीत सांडली.

"सावकाश रे," ती म्हणाली. "बस चुकत नाहीये तुझी."