पणजीचं माहेर

माझी पणजी, म्हणजे आईची आजी, इंग्रजांच्या अमलात लग्न होऊन आंबोलीच्या घाटातल्या गावात आली. लग्नात नाव बदललं. माहेर मालवणकडे आणि ती परत तिकडे कधी गेली नाही, यापलीकडे घरात कुणालाच काही ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी आईची तब्येत खालावली आणि तिने एकच गोष्ट मागितली. "माका एकदा आजयेच्या म्हायारच्या उंबऱ्यार माथो टेकूचो आसा."

झालं! कुठलं गाव, कुणाचं घर, काही पत्ता नाही. घरात समजूत पक्की, की पणजीचं गाव प्लेगात उठलं. सगळा गाव वेशीबाहेर झोपड्यांत राहिला, ही तिच्या लहानपणची गोष्ट ती नेहमी सांगायची.

"पण हसत सांगायची," आई एकदा सहज म्हणाली. "कोंबड्या, मांजरां सगळी वांगडा घेतलली. रातभर फुगड्ये."

मी कपाळावर हात मारला. प्लेगला भिऊन पळालेली माणसं फुगड्या घालतात होय? ही तर गावपळण! देवाने कौल दिला की गुराढोरांसकट गाव रिकामा करून काही दिवस रानात राहायचं, ही चाल मालवणकडच्या मोजक्या गावांत आजही आहे. आम्ही डोंगरातल्या शहाण्यांनी तिचा प्लेग करून टाकला होता.

आईला घेऊन त्या गावांत फिरले. दुसऱ्या गावी देवळात एका म्हाताऱ्या गावकराला विचारलं, आंबोलीला दिलेली, परत कधी न आलेली लेक कुणाची? त्याने घरच दाखवलं.

आईने उंबऱ्यावर माथा टेकला. मी कोण, कुठली सांगितलं, तशी त्या घरची म्हातारी सून पडवीतून उठलीच.

"तिचो बापूस गेलो, भाव बोटीर कामाक. तिका हाडूक कोण गेलोच नाय," ती म्हणाली. माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय लेकीने निघायचं नाही, अशी तेव्हाची रीत. पणजी तिकडे वाट बघत राहिली असणार. "मगे गेली आसतली म्हणान माझी सासू म्हाळाक तिचां येगळां पान वाढी. आता मी वाढतंय."

पणजीला न पाहिलेल्या, दुसऱ्या घरांतून आलेल्या या सुना. पितृपक्षात दर वर्षी त्यांनी तिच्यासाठी भात-वडे वाढले. त्यांचे उपकार कसे फेडायचे, मला अजून कळलेलं नाही.

आई त्या सुनेचा हात धरून बसली. म्हणाली, "बरां केलात गो. माझी आजी उपाशी नाय ऱ्हवली."