शेवटी उतरणारा

पोस्टिंग आलं ते आफ्रिकेतल्या एका नदीवर. देशात यादवी चालू होती. नदीत सरकारच्या गनबोटी, पलीकडच्या काठावर झाडीत बंडखोरांच्या तोफा आणि अलीकडे आम्ही, शांतिसेनेचे निळ्या टोपीवाले. मी नायब सुभेदार. माझ्या ताब्यात एक पांढरी मोटरबोट आणि तीन जवान दिले. माझं गाव माण तालुक्यातलं. आमच्याकडे विहीर असली तर पाणी नसतं. कंपनी कमांडर म्हणाले, "पाण्यात पडलं की पोहता येतं, साब." ते स्वतः बोटीत कधी बसले नाहीत.

बोट खरी सांभाळायचा त्यांतला नाईक रामा केळुसकर. वेंगुर्ल्याकडचा, घरची मासेमारी. सकाळी गस्त, दुपारी इंजिनाची साफसफाई, संध्याकाळी रोल कॉल, असं आमचं चाले. काठाला लागलो की रामा जागचा हलायचा नाही. शेवटचा माणूस उतरला की विचारायचा, "सगळे उतरले?" मी "उतरले" म्हटल्यावरच त्याचा पाय जमिनीला लागे.

"चार तर माणसं. दिसत नाहीत का?" मी एकदा म्हणालो.

"दिसतत, साब. पण विचारूचा लागता. होडी चालवणारो शेवटाक उतरता."

त्या दिवशी सकाळी दोन गनबोटी नदीच्या वरच्या अंगानं आल्या. झाडीतून तोफा सुरू झाल्या. पहिली बोट मारा करत निसटली. दुसरीला मधोमध गोळा लागला आणि ती पेटली. माणसं पाण्यात उड्या मारू लागली. आम्ही जेटीवर उभे होतो. आम्हाला आदेश होता तो फक्त बघायचा.

रामानं न विचारताच इंजिन सुरू करून ठेवलं. मी रेडिओ उचलला.

"कंट्रोल, मेन इन वॉटर. रिक्वेस्ट परमिशन. ओव्हर."

"वेट. आउट."

ते थांबणं फार लांबलं. पाण्यातली डोकी कमी होत होती. मग आवाज आला, "गो. नो फायरिंग. फ्लॅग अप. आउट."

आम्ही गेलो. निळा झेंडा दिसल्यावर पलीकडच्या तोफा थांबतील असं वाटलं होतं. काही थांबल्या. मी आणि दोघे जवान हाताला लागेल तो माणूस आत ओढत होतो. पाच जण मिळाले. परतताना एक गोळा मागे पाण्यात फुटला. सगळे भिजलो. बोट थोडी वळली, परत सरळ झाली. रामा काही बोलला नाही.

जेटीला लागलो. जखमींना उचलून वर दिलं. जवान उतरले. मी उतरलो.

"सगळे उतरले?" रामानं विचारलं.

"उतरले. चल, ये."

उठण्यासाठी त्यानं बोटीच्या काठावर हात टेकला, पण तो उठला नाही. गोळ्याचा तुकडा बुलेटप्रूफ जॅकेटच्या खाली पाठीत शिरला होता. बोटीतल्या पाण्यात इतरांचं रक्त होतं, त्यात त्याचं कळलंच नाही. डॉक्टर येईपर्यंत तो गेला होता. मला अजून त्याचा राग येतो. लागलंय एवढं सांगायला काय जात होतं?

आता मी सिंगापूरला मुलाकडे असतो, टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये. मुलगा-सून ऑफिसला, नात शाळेत. दिवसभर घरात माझ्याशी बोलतो तो फक्त टीव्ही. फार एकटं वाटलं की मी एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, फिरून येतो.

गाडीतूनही मी शेवटी उतरतो. त्या नादात एकदा दारं बंद झाली आणि मी पुढं गेलो. सून चिडली. "बाबा, इथं कोणी थांबत नाही. दार उघडलं की उतरायचं." नात म्हणाली, "आजोबा, so slow lah." मी हो म्हटलं. कारण सांगितलं नाही. ते जेवायला बसले होते, आणि ही गोष्ट जेवताना सांगण्यासारखी नाही.

आता मी टॅम्पिनीसला उतरतच नाही. एक स्टेशन पुढं, पासिर रिसपर्यंत जातो आणि घरी बसनं परततो. तिथं गाडी संपते, सगळ्यांना उतरावंच लागतं. शाळेची मुलं, पिशव्या घेतलेल्या बायका, सगळे जातात. डबा रिकामा होतो. मी दारात उभा राहून हळूच विचारतो, "सगळे उतरले?"

उत्तर द्यायचं काम माझंच होतं. "उतरले, रामा," म्हणतो. "आता तू ये."

मग प्लॅटफॉर्मवर पाय ठेवतो.