फक्त वाफ घेतो

माझा थोरला भाऊ एकोणसत्तर वर्षांचा आहे. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात त्याने नोकरी केली, आणि आपल्याला सिगारेटचे व्यसन नाही याचा पुरावा म्हणून तो हीच नोकरी पुढे करत आला. काडेपेटी, लायटर, सिगारेटचे पाकीट सगळे गेटवर काढून द्यावे लागे. "आठ तास ओढायचो नाही. व्यसन असतं तर जमलं असतं का?" सुटल्यावर गेट ते सायकलस्टँड एवढ्या अंतरात पहिली पेटे आणि घरी पोहोचेपर्यंत आणखी दोन होत. ही बाब त्याच्या युक्तिवादात कधी आली नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चपलेने जखम झाली. दीड महिना झाला तरी ती भरेना. मधुमेह नव्हता. कसब्यातल्या घरापासून मंडईपर्यंत जाताना पोटरी दुखून त्याला दोनदा थांबावे लागे, ते आम्ही वयाच्या खात्यावर टाकले होते. सदाशिव पेठेत रक्तवाहिन्यांच्या एक सर्जन आहेत. त्यांनी तपासण्या केल्या आणि सांगितले, की पायाकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी बंद होत आली आहे. पायातलीच शीर वापरून बायपास करावा लागेल. नाही केला तर अंगठा जाईल, आणि तेवढ्यावर थांबेलच असे नाही.

"पण आधी तंबाखू बंद," त्या म्हणाल्या. "तुम्ही चालूच ठेवलीत तर मी जोडलेली शीरही बंद होणार. मग मी कशाला जोडू?"

दादा म्हणाला, "सोडली. आत्ता, या खुर्चीत."

आणि सिगारेट खरोखर बंद झाली. वहिनी रोज खिसे तपासत होती. काही सापडले नाही. शर्टाचा वास गेला. मी आयुष्यभर वर्तमानपत्राच्या डेस्कवर इतरांच्या बातम्यांतले कच्चे दुवे शोधले. यातला मला दिसला नाही.

तीन आठवड्यांनी मीच त्याला रिक्षाने तपासायला नेले. डॉक्टरांनी विचारले, "सिगारेट?"

"एकही नाही."

"शाब्बास. खोकला कसा आहे?"

"कमी आहे. वाफ घेतो ना."

"घ्या, घ्या. सकाळ-संध्याकाळ घ्या."

"सकाळ-संध्याकाळच कशाला, दिवसभर घेतो," दादा म्हणाला. डॉक्टर हसल्या. मीही हसले. माझ्या डोळ्यांसमोर पातेले, टॉवेल आणि निलगिरीचे दोन थेंब होते. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली.

त्यानंतर चार दिवसांनी मी दादाच्या घरी गेले असताना वहिनीला सहज म्हटले, दिवसभर पाणी उकळून कंटाळत असशील.

"पाणी कसलं? त्यांचं ते यंत्र आहे ना, पेनासारखं. लेकीने आणून दिलंय. रात्री चार्जिंगला लावलं की झालं. पुदिन्याचा वास येतो, छान वाटतं."

दादा गॅलरीत होता. त्याच्या नाकातून पांढरा लोट निघत होता. देशात ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे. म्हणजे ती काचेच्या कपाटात मांडून ठेवत नाहीत, मागावी लागते.

मी भाचीला फोन केला. ती हिंजवडीत नोकरी करते. "आत्या, तू ओव्हररिॲक्ट करतेयस. यात टार नाही, जळत काहीच नाही. बाबांची तडफड बघवत नव्हती मला. एवढं तर करूच शकते ना मी?"

"निकोटिन आहे?"

"ते असतंच ना. पण स्मूद असतं."

"आणि तुला ती कुठे मिळते हे कसं माहीत?"

"मी ॲडिक्ट वगैरे नाहीये, आत्या," ती म्हणाली. मी तसे विचारले नव्हते.

दादाचे म्हणणे असे, की त्याने डॉक्टरांना सगळे सांगितले होते. वाफ घेतो हे खरे, डॉक्टर घ्या म्हणाल्या हेही खरे, आणि साक्षीला मी होते. "तूच बसली होतीस शेजारी. बातमी तुझ्यासमोर घडली, बाई, आणि तू फोटोला उभं राहिल्यासारखी हसलीस."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितले. त्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतले, पेन मागून घेतले, उलटेसुलटे करून पाहिले. "आजोबा, धूर नाही हे मान्य. पण रक्तवाहिनी आवळतं ते निकोटिन. ते यात भरपूर आहे, आणि तुम्ही ते दिवसभर ओढताय. सिगारेट निदान संपते तरी."

"मी खोटं बोललो नाही."

"नाही बोललात. पायाला काय त्याचं?"

तारीख रद्द झाली. सवय तुटावी म्हणून गोळ्या लिहून दिल्या. घरी गेल्यावर दादा वहिनीला म्हणाला, "हिला चहा दे. दमली असेल, चहाड्या करून."

पुढचे दोन आठवडे त्या घरात जाणे नको वाटे. भाजीत मीठ जास्त, पंख्याचा आवाज जास्त, माझे येणे जास्त. वहिनी एकदा स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "ओढू दे ना त्यांना. एवढं ओरडतात, त्यापेक्षा बरं." मी विचारले, पायाचे काय? ती म्हणाली, "तेही तुम्हीच बघा." दरम्यान अंगठ्याचे टोक काळे पडले.

डॉक्टरांनी लगेच दाखल केले. शस्त्रक्रियेच्या सकाळी भूल देणारा डॉक्टर कागद घेऊन आला. तरुण होता, घाईत होता.

"शेवटचं निकोटिन कधी? सिगारेट, वेप, काहीही."

दादाने वहिनीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"काल संध्याकाळी. सिगारेट. अर्धी."

"अहो!" वहिनी म्हणाली. "काल तुम्ही इथेच होतात. आणलीत कुठून?"

"खाली टपरी आहे. चालत गेलो."

"संडासापर्यंत धरून न्यावं लागतं, आणि टपरीपर्यंत चालत?"

"भिंत धरून."

डॉक्टरने लिहून घेतले. तो म्हणाला, "धोका वाढलाय, पण आता थांबता येणार नाही. सांगितलंत ते बरं केलंत." दीड महिन्यात निकोटिनबद्दल दादाने दिलेले हे पहिले सरळ उत्तर होते, आणि ते त्याने अनोळखी माणसाला दिले.

शस्त्रक्रिया साडेचार तास चालली. पाय राहिला. अंगठा काढावा लागला.

तिसऱ्या दिवशी सर्जन ड्रेसिंग पाहायला आल्या. पावलावर हात ठेवून म्हणाल्या, गरम आहे, रक्त येतंय.

"ही जोडलेली शीर किती वर्षं चालेल?" दादाने विचारले.

"ते तुम्ही मला सांगायचं."

त्या गेल्यावर त्याने चादरीबाहेरच्या बँडेजकडे पाहिले. मग त्याने वहिनीला आपला शर्ट द्यायला सांगितले. वरच्या खिशातून एक सिगारेट काढली आणि माझ्यापुढे धरली.

"टाकून दे. आणि जिन्यापर्यंत जाऊन ये जरा. इथे डस्टबिनमध्ये टाकलीस तर मी काढीन."

मी ती घेतली. जिन्यापाशी गेले, मोडली, टाकली. परत आले तेव्हा तो दुसऱ्या खिशाकडे बघत होता.

"त्यात काय आहे?" मी विचारले.

"बघ ना," तो म्हणाला. "मला विचारून काय उपयोग?"