नोलीनच्या पिकअपची बसलेली मागची बाजू

नोलीन पास्को एकतीस वर्षं मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांना रांधून घालत आली, आणि ती सगळी वर्षं परक्याच्या चुलीवर. कातरणीच्या एका शेडची भट्टी तापायची नाही, दुसऱ्या शेडच्या फळीवर उंदरांचा संसार, तिसऱ्याचं छप्पर थेट कढईत गळायचं. एकसष्टाव्या वर्षी तिने ठरवलं, बस झालं. ट्रेलरवर स्वतःचं स्वयंपाकघर बांधून घेतलं, ओढायला जुनी पण दमदार पिकअप घेतली. कातरणाऱ्यांची टोळी नेणारा कंत्राटदार मर्व्ह टिलब्रुक म्हणाला, "रविवारी दिवस मावळायच्या आत तुझं स्वयंपाकघर कूलपाराच्या शेडपाशी उभं दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर मी दुसरी बाई बघतो, आणि तू आपली शेडच्या चुलीवर मदतीला." मर्व्ह वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला कुणाची वाट बघता येत नसे.

बुधवारी तिने सगळं सामान भरून पीटरबरोच्या बाहेर एक फेरी मारली. पिकअपची मागची बाजू अशी बसली की बॉनेट आभाळाकडे बघायला लागलं. स्टिअरिंग हातात पोकळ लागत होतं. समोरून तीन डब्यांचा मोठा ट्रक सणाणत गेला, तसा ट्रेलर शेपूट हलवायला लागला आणि तिला घेऊन पांढऱ्या पट्ट्यापलीकडे गेला. पलीकडे कुणी नव्हतं म्हणून वाचली. ती रस्त्याकडेला खाली उतरली, मातीत बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. घाबरली होती, आणि घाबरल्याचा तिला मनस्वी राग आला होता. परत आली ती तीसच्या वेगाने.

संध्याकाळी तिच्या बहिणीचा, व्हर्नाचा, नवरा देस आला. देस रेल्वेतून निवृत्त झालेला. ज्यात त्याला मत नाही असं जगात काही नव्हतं.

"मागच्या स्प्रिंगचे पाटे मऊ पडलेत," पिकअपखाली न वाकताच तो म्हणाला. "जाड पाटे घाल. नाहीतर माझ्या पिकअपला आहेत तशा हवेच्या पिशव्या बसव. मागून उचलून धरतात. दोन वर्षं कॅरव्हॅन ओढतोय, माझी बघ, टेबलासारखी सपाट उभी राहते."

"आणि तोवर?"

"तोवर मी नेतो की ट्रेलर. तू शेजारी बस, सँडविच खा."

"आठ महिने, दर पंधरवड्याला नवी शेड. नेशील?"

"तसं नाही गं," तो म्हणाला, "पण तुला ते जमायचं नाही, नोल."

या वाक्यानंतर नोलीनला झोप लागली असती तर ती नोलीन कसली. पण नुसत्या हट्टाने ट्रेलर सरळ चालत नाही, हेही तिला कळत होतं. तिने स्वयंपाकिणीच्या डोक्याने विचार केला. सुपाचं मोठं पातेलं दोघींनी धरलंय, एकीच्या बाजूला ते कललंय. तिने पातेल्याचा आपल्याकडचा कान वर उचलला तर ते सरळ दिसेल, पण सूप कमी होईल का? पिशव्यांनी मागची बाजू वर येईल. पण मागच्या चाकांवरचं वजन कुठे जाणार?

शुक्रवारी सकाळी ती धान्याच्या कोठारापाशी वजनकाट्यावर गेली. देस आपल्या पिकअपमधून मागोमाग आलाच, चूक दाखवायची संधी तो सोडतो थोडाच. तिने ट्रेलर जोडून पिकअपची मागची चाकं काट्यावर घेतली. दोन हजार साठ किलो. दाराच्या आतल्या पट्टीवर कंपनीने लिहिलं होतं, एकोणीसशेच्या वर नको. मग ट्रेलर सोडवून त्याची पुढची दांडी नुसती काट्यावर टेकवली. तीनशे पंच्याण्णव. पिकअपच्या हुकाला झेपतात साडेतीनशे.

"आता हे आकडे कोण बघतं?" देस म्हणाला.

"मी बघते. जाड पाटे घातले असते तरी ही पट्टी एकोणीसशेच म्हणाली असती."

बोलता बोलता तिची नजर त्याच्या पिकअपवर गेली. सपाट होती खरी. पण केबिन आणि मागचा हौदा यांच्यामधली फट तिला विचित्र वाटली. तिने बोटं घालून बघितली. खाली जेमतेम दोन बोटं, वर चांगली चार.

"देस, इकडे ये."

त्यानेही बोटं घातली. वर, खाली, पुन्हा वर. मग तो गुडघ्यावर बसला आणि आत बघत राहिला. दोन वर्षं पिशव्या मधोमध वर रेटत होत्या, मागे त्याच्या कॅरव्हॅनचं ओझं खाली दाबत होतं, आणि दोघांच्या ओढाताणीत चासी, गाडीचा खालचा सांगाडाच, वाकत चालली होती. मागची बाजू बसलेली असती तर ओझं जास्त झालंय हे त्याला दिसलं तरी असतं.

"व्हर्नाला सांगू नकोस," तो हळूच म्हणाला.

"सांगणार. तुझ्या शेजारच्या सीटवर तीच बसते."

देसचा चेहरा पडला. नोलीनला त्याची कीव आली, पण तिने शब्द मागे घेतला नाही. "ये, हात लाव," ती म्हणाली. "पुढचं सामान काढू."

ट्रेलरच्या पुढच्या भागात काय नव्हतं! एकशेवीस लिटरची पाण्याने भरलेली टाकी, दोन गॅसच्या टाक्या, बिडाची सहा भांडी, पिठाची पोती, किटल्या. कारण होतं. कातरणारे शेडवर उतरले की गाडीतून आपल्या वळकट्या काढायच्या आधी त्यांच्या हातात गरम चहा पडला पाहिजे. चहाला उशीर केलेल्या स्वयंपाकिणीचं नाव हंगामभर शेडशेडमधून फिरतं. नोलीनने एकतीस वर्षांत एकदाही उशीर केला नव्हता, म्हणूनच बांधणाऱ्याकडे हट्ट धरून तिने सगळं दारापाशी, अगदी पुढच्या टोकाला मांडून घेतलं होतं. ज्या गोष्टीचा तिला अभिमान होता तीच ट्रेलरचं तोंड खाली दाबत होती. हे कबूल करायला तिला पाटे बदलण्यापेक्षा जड गेलं.

टाकी रिकामी केली. कूलपाराला पावसाचं पाणी साठवलेलं असतं. भांडी, पीठ, किटल्या ट्रेलरच्या चाकांच्या बरोबर वर, तळाशी, पट्ट्यांनी आवळून. पिकअपच्या हौद्यात अगदी मागे ठेवलेला जनरेटरही तिथेच. देस म्हणाला, सगळं अगदी मागे ढकलू या. तिने नाही म्हटलं. पुढचं टोक हलकं पडलं की ट्रेलर आणखी झुलतो, हे काट्यावरच्या माणसाने तिला बजावलं होतं. दोनदा रचलं, दोनदा उपसलं. तिसऱ्या खेपेला दांडी अडीचशेवर आली आणि मागची चाकं अठराशे तीसवर.

"मागून अजून दोन बोटं बसलीय," देस म्हणाला.

"बसू दे. ती ओझं ओढायला चाललीय, फोटो काढायला नाही. पाटे आहेत तेच राहतील."

रविवारी ती एकटी निघाली. याँटाच्या अलीकडे समोरून तसाच तीन डब्यांचा ट्रक आला. तिने दात आवळले, वेग ऐंशीवरून वाढवला नाही, कमीही केला नाही. वाऱ्याचा धक्का बसला, ट्रेलरने एक हिसका दिला आणि मुकाट मागे चालू लागला. पुढची चाकं रस्ता धरून होती. मग ती मोठ्याने हसली, ऐकायला कुणी नसताना.

कूलपाराला दिवस मावळायच्या आधी तासभर ती पोचली. पण कातरणारेही लवकर येऊन ठेपले होते. किटल्या तळाशी, त्यांच्यावर पिठाची पोती, टाकीत थेंब नाही. वळकट्या निघाल्या, अंथरल्याही गेल्या, माणसं रिकामे कप घेऊन उभी राहिली. तिने घाई केली नाही. एकेक पट्टा सोडला, पाणी भरलं, शेगडी पेटवली.

अर्ध्या तासाने चहा झाला तेव्हा कातरणाऱ्यांमधला म्हातारा क्लेम कप पुढे करत म्हणाला, "एकतीस वर्षांत पहिल्यांदा उशीर, नोल."

"हो," ती म्हणाली, "आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या चुलीवरचा चहा."

क्लेमने एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि मागे वळून बाकीच्यांना रांगेत उभं राहायला सांगितलं.