चौकटीच्या बाहेर वीतभर

त्याला सगळे गवत्या म्हणत. हजेरीपटावर नाव वेगळं होतं, पण ते सही करण्यापुरतं. बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "अहो गवत्या, जरा इकडंही बघा."

जंगल खात्यात चिकटला तेव्हा रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरायचा. दोन वर्षांनी एका साहेबांनी त्याला तिथून उचललं, हातात मीटरभर लांब-रुंद लाकडी चौकट दिली आणि म्हणाले, "घे. आता जन्मभर गवत मोज." साहेब थट्टेनं बोलले असतील. गवत्यानं मनावर घेतलं. त्याला तेहतीस वर्षं झाली.

तो मोजायचा त्या गवताला तिथली माणसं कवडशी म्हणतात. जिथं भर दुपारी घड्याळ बघायला डोळे बारीक करावे लागतात, अशा दाट झाडीखाली ते वाढतं. पान रुंद, पातळ, पोपटी. उन्हाचा कवडसा त्याच्यावरून सरकत जातो, तेवढ्या घटकेत ते पोट भरून घेतं. झाडांना पालवी फुटून वरचं छत मिटायच्या आधी जे पंधरा-वीस दिवस मिळतात, त्यात लगबगीनं वाढायचं आणि मग वर्षभर पुरवून पुरवून खायचं, असा त्याचा संसार. एक ठोंब हातभर पसरायला दहा वर्षं घेतो. झाड पडून मोकळं ऊन आलं तर कवडशीचं भलं होईल असं कुणालाही वाटेल. पण उघड्यावरचं राकट गवत तिथं घुसतं आणि हिला चेपून टाकतं. बी कुसळाचं. हरणाच्या अंगाला नाहीतर गवत्याच्या पायमोज्यांना चिकटून गावभर फिरतं. बायको शाळेचे गणवेश शिवायची, मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "तुमचं जंगल माझ्या धुण्याच्या बादलीत उगवणार एक दिवस."

काम सोपं होतं. जंगलात चोवीस जागी खुंट्या ठोकलेल्या. वर्षातून एकदा, पालवीच्या आधी, तिथं चौकट बसवायची, आतले फुटवे मोजायचे, आकडा वहीत. मोजायच्या दोन आठवडे आधी गवत्या आतला पाचोळा मऊ कुंच्यानं झाडून काढायचा, तान्ह्या बाळाचं अंग पुसावं तसा हलक्या हातानं. झाडल्याशिवाय बारके कोंब दिसत नाहीत. न दिसलेला कोंब म्हणजे खोटा आकडा. खोट्या आकड्याची त्याला चीड होती.

गेल्या वर्षी त्याचा गुडघा सुजला आणि दीड महिना खाटेवर गेला. मोजणी जंगलाच्या राखणदारानं केली. राखणदार पोटानं मोठा, वाकायचा कंटाळा. त्याचा आकडा आदल्या वर्षीपेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी आला.

"झाडलंस का पाचोळा?" गवत्यानं काठी टेकत विचारलं.

"जंगल आहे रे बाबा, पाहुण्यांची खोली नाही. वर दिसलं ते मोजलं."

"इतक्या वर्षांच्या वहीत शेण कालवलंस!"

"मग गुडघा घरी ठेवून तू यायचं होतंस."

पुढं वर्षभर दोघं एका बाकावर चहा प्यायले नाहीत.

दरम्यान कचेरीत नव्या मॅडम आल्या. वयानं गवत्याच्या मुलीएवढ्या, कामाला वाघ. त्यांनी गवत्याच्या सगळ्या वह्या वाचल्या. अशा वाचणाऱ्या त्या पहिल्याच. राखणदाराचा आकडा बाजूला ठेवला तर चित्र स्वच्छ होतं: सावली वाढत गेली तरी चौकटीतली कवडशी दाटच होत गेली. मॅडमनी त्यावरून बेत आखला. दक्षिणेच्या उतारावर झाडी विरळ होती, तिथं मोठ्या पानांची चार हजार रोपं लावायची, छत भरून काढायचं. खाली कवडशी आपोआप पसरेल. अहवाल वर जायचा होता.

"काका, यावर तुमचंही नाव घालणार आहे," मॅडम म्हणाल्या. "मोजणी कुणाची ते लोकांना कळू दे."

गवत्यानं घरी ही गोष्ट तीन वेळा सांगितली. चौथ्यांदा सुरू केल्यावर बायको म्हणाली, "कळलं हो. आता मशीनलाही पाठ झालं." निवृत्तीला चार महिने उरले होते. इतक्या वर्षांत कुठल्याच कागदावर त्याचं काम त्याच्या नावानं आलं नव्हतं.

या वर्षीच्या मोजणीआधी झाडायला तो निघाला तो राखणदाराची खोड मोडायचीच, असं ठरवून. पहिल्या चौकटीत गुडघ्याखाली गोणपाट घेऊन बसला. पाचोळा दोन वर्षांचा साठलेला, ओला, चामड्यासारखा चिकटलेला. कुंच्यानं निघेना, म्हणून बोटांनी त्याची पोळी उचलली. खाली कवडशीचे बारीक कोंब होते. पांढरे, वाकडे, वर यायची वाट न मिळून तिथंच कुजलेले.

त्यानं एक कोंब चिमटीत धरून बघितला. राखणदारानं आकडा चुकवला नव्हता. पाचोळा काढला नाही म्हणून गवतच कमी उगवलं होतं.

मग त्यानं आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. खुंटीच्या बाहेर, वीतभर पलीकडे हात घातला आणि तिथला पाचोळा उचलला. तिथंही तेच. पाच पावलांवरही तेच. तेहतीस वर्षांत त्यानं खुंटीच्या बाहेर एक काडी मोजली नव्हती. बाहेरचं त्याचं कामच नव्हतं. सावलीत कवडशी दाट होते ती जिथं गवत्याचा कुंचा फिरतो तेवढ्याच जागी.

संध्याकाळपर्यंत तो चोवीसही जागा फिरला. शेवटी दक्षिणेच्या उतारावर गेला. तिथं सतत वारा. पानं पडतात तशी घरंगळत खाली ओढ्यात जातात. तिथं खुंट्या नव्हत्या, कुंचा नव्हता, आणि कवडशी मात्र ठोंबाला ठोंब लागून उभी होती. नेमक्या तिथंच मोठ्या पानांची चार हजार झाडं उभी राहणार होती. वारा अडणार, पाचोळा साठणार, आणि जे आपल्या बळावर जगलं होतं ते खाली गुदमरणार.

घरी त्यानं ताट तसंच बाजूला सारलं.

"गुडघा?" बायकोनं विचारलं.

"नाही." मग सगळं सांगितलं.

हातातल्या बाहीचा दोरा तिनं दातानं तोडला. "हे अजून कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. आणि चार महिन्यांत मी घरी."

"मग तुम्ही घरी बसाल, आणि तिकडं झाडं रोज वाढत राहतील. बसवेल तुम्हाला? मला तर नाही बाई बसवणार तुमच्याशेजारी. नुसते उसासे टाकाल."

"नाव जाईल गं."

"जाईल. मी आहे ना हाक मारायला."

सकाळी तो मॅडमच्या टेबलासमोर उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही. पाचोळ्याचा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता, तो उघडून ठेवला.

मॅडमनी पांढरे कोंब बघितले. वही उघडली, आणखी एक उघडली. "पाचोळा काढायचात हे कुठंच लिहिलेलं नाही, काका."

"जेवायच्या आधी हात धुतले असं कोण लिहितं?"

त्या हसल्या नाहीत. खिडकीबाहेर रोपवाटिकेत चार हजार पिशव्या रांगेत उभ्या होत्या. "मोठ्या साहेबांना मी काय सांगू?"

"जे झालं ते. माझा हात लागला तिथं गवत वाढलं, आणि मी समजलो सावलीनं वाढलं."

"तुमच्या नावाचं काय करू?"

गवत्यानं टेबलाच्या कडेवरची धूळ अंगठ्यानं पुसली. रात्रभर याच प्रश्नाशी झोंबून तो आला होता. "ठेवा. काम माझं होतं, तर चूकही माझ्याच नावानं जाऊ दे. नाहीतर उद्या राखणदारावर ढकलतील."

मोठे साहेब फोनवर पाऊण तास बोलले. मॅडमचे कान लाल झाले, पण उतारावरची लागवड थांबली. रोपं रस्त्याच्या कडेला लावायची ठरली. अहवाल पुन्हा लिहिला गेला. त्यासाठी गवत्याला दोन दुपारी बसवून मॅडमनी खोदून खोदून विचारलं: कुंचा केवढा, किती दाबायचा, काढलेला पाचोळा टाकायचा कुठं. "तो खुंटीच्या बाहेरच टाकायचो," तो म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याला कळलं. म्हणजे बाहेरच्या गवतावर दुप्पट ओझं. मॅडमनी तेही लिहून घेतलं.

मग नव्या बारा जागी खुंट्या ठोकल्या. तिथं पाचोळ्याला कुणी हात लावायचा नाही. पहिल्या मोजणीला गवत्या राखणदाराच्या घरी गेला आणि दारातूनच म्हणाला, "चल. बिनझाडता मोजायचं मला येत नाही."

"माफी मागतोयस की काम सांगतोयस?"

"दोन्ही."

चौकट बसली. गवत्या वाकला, आणि त्याची बोटं आपसूक एका सुक्या पानाकडे गेली.

"ए, हात मागं!" राखणदार उभ्या उभ्या ओरडला. "आहे तिथं राहू दे त्याला."

गवत्यानं हात मांडीखाली दाबून धरला. मान तिरकी करून, पानांच्या फटींतून, जे वर आलं होतं तेवढंच बघितलं. पुन्हा एकदा बघितलं.

"सात," तो म्हणाला.

राखणदारानं वहीत सात लिहिलं.