बॅनरवरच्या काकू

सिल्व्हर पार्कात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आम्ही चार-पाच बायका दुपारचा डबा पोचवतो. हा काही दानधर्म नव्हे. ज्याला परवडतं तो पैसे देतो. आमच्या विंगमधल्या काकू तर महिन्याचे पैसे आधी माझ्या हातावर ठेवायच्या, मगच डबा घ्यायच्या. गुडघे गेलेले, ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही, बाकी सगळं त्यांचं त्या करायच्या. पुण्याचा मुलगा दर फोनला म्हणायचा, "आता इकडे ये." काकूंचं ठरलेलं, "जमतंय तोवर माझ्या घरात."

गेल्या महिन्यात एक भाऊ उगवला, निवडणुकीला उभं राहायच्या तयारीतला. सगळ्यांना नवे स्टीलचे डबे देतो म्हणाला. आमच्यातल्या दोघी लगेच पाघळल्या. मी म्हटलं, हा फुकट काही देणार नाही. तर मलाच म्हणाल्या, "तुझं नेहमीचंच!"

आला तो पोरांचा घोळका आणि फोटोग्राफर घेऊन. काकूंनी दार उघडलं, भाऊने डबा पुढे केला. फोटो हलला म्हणून दिलेला डबा परत घेतला, पुन्हा दिला. फोटोग्राफर म्हणाला, "आजी, जरा हात जोडा ना." अंगात गाऊन, केस विस्कटलेले, काकू बिचाऱ्या हात जोडून उभ्या. मी ओरडले, "अहो, त्या पैसे देऊन जेवतात!" भाऊ गोड हसला. "मावशी, सेवा आहे ही, सेवा." डोंबलाची सेवा!

दोन दिवसांत नाक्यावर बॅनर लागला. भाऊ हा एवढा मोठा, खाली कोपऱ्यात काकू. वर लिहिलेलं, 'निराधार वृद्धांचा आधार'. सोसायटीच्या ग्रुपवरही तोच फोटो. काकूंना रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्यांनीसुद्धा खाली टाळ्या आणि नमस्कार टाकलेले. शी!

कुणीतरी फोटो मुलाला धाडला. तो शनिवारी गाडी घेऊनच आला. "माझी आई निराधार? नातेवाईकांना काय तोंड दाखवू मी?" आईला काय हवंय ते नाही विचारलं, याला पडली होती स्वतःच्या तोंडाची. त्याचीही शिसारी आली मला. मी जीव तोडून सांगत होते. काकू एकदाच म्हणाल्या, "अरे, मी पैसे देते त्याचे." त्याने बॅग उचलली आणि घराला कुलूप लावलं.

परवा काकूंचा फोन आला. "सगळं छान आहे हो. सून गॅसला हात लावू देत नाही, पडाल म्हणते." मग आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "चहासुद्धा मागावा लागतो."