मामाशी शेवटची घासाघीस

माझ्या दौलतमामानं प्राण सोडला तेव्हा त्याचा हात माझ्या हातात होता, आणि आम्ही दोघं भावावरून भांडत होतो.

लोक मला नावं ठेवतात. ठेवोत! पण सुरुवात मामानं केली, हे कोणी ऐकूनच घेत नाही.

मामा अमरावतीच्या कापूसबाजारात दलाल होता. नांदगाव खंडेश्वराहून अंगावरच्या धोतरानिशी आला, आणि मला, बिनआईबापाच्या पोराला, त्यानं नि मामीनं वाढवलं. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा उपरण्याखाली हात पुढं करतो, घेणारा तो धरतो, आणि बोटं दाबून सौदा होतो. एक बोट म्हणजे एक, अर्धं पेर म्हणजे अर्धा, बोटाचं नुसतं टोक म्हणजे पाव. कसले एक नि कसले अर्धे, ते दोघांनी मनात समजायचं. अख्खा पंजा दाबला की सौदा पक्का!

मामाला ही सवय इतकी जडली होती की मेथीची जुडी घेतानाही तो भाजीवालीचा हात उपरण्याखाली ओढायचा. (यापायी त्यानं दोनदा मार खाल्ला. एकदा भाजीवालीच्या नवऱ्याचा, एकदा मामीचा.)

पुढं मीही धंद्यात पडलो. अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडं वऱ्हाडात कापसाला सोन्याचे दिवस आले. सगळ्या बाजाराला मी उपरण्याखाली लोळवलं, पण मामा मला कधी भाव उतरवू देईना! एकदा मी चिडून म्हटलं, "मामा, भाच्याले तरी सोड ना!"

"उपरन्याखाली कोन मामा अन् कोन भाचा?" मामा म्हणाला. "तिथं अंधार असते!"

हे दुखणं मी आजवर उराशी धरून आहे.

मग मामाला लकवा झाला. वाचा गेली, डावं अंग गेलं. उजवा हात तेवढा शाबूत. वैद्यानं मान हलवली तेव्हा खाटेभोवती मामी होती, भटजी होते, अकोल्याहून आलेले धाकटे मामा होते. मी उशाशी बसलो, आणि गोधडीखालून मामाचा हात बाहेर आला. त्यानं माझा हात आत ओढला आणि दाबला. चार बोटं, वर अर्धं पेर.

"काय म्हनून राह्यले?" मामीनं विचारलं.

"साडेचार."

"साडेचार काय?"

"थेच तं समजून नाही राह्यलं!"

भटजी लगेच पुढं सरकले. "गोदान! चार गाई. अर्धी म्हणजे वासरू."

"गाई कायच्या?" धाकटे मामा उसळले. "साडेचार वावरं मले देजो म्हनते थो! सख्खा भाऊ आहो मी!"

"चूप बसा!" मामी रडत रडत म्हणाली. "चार धाम म्हनून राह्यले. माह्यासाठी. अन् अर्धं मंजे जाता जाता माहूर!"

मी पार गोंधळलो. मामाचा शेवटचा शब्द माझ्या मुठीत होता आणि मला तो वाचता येत नव्हता! एवढं मात्र कळत होतं की गाई असोत, वावरं असोत की धाम असोत, निस्तरायचं मलाच आहे. आणि साडेचार हे कशाचेही झाले तरी जास्तच. डोकं विचार करत होतं, तोवर हातानं आपला धर्म पाळला. मी दाबलं, तीन!

मिटत चाललेले मामाचे डोळे टक्क उघडले. त्यानं पुन्हा साडेचार दाबले. मी सव्वातीन. तो सव्वाचार. गोधडी हलू लागली.

"चेहऱ्याले रंग येऊन राह्यला!" मामी हरखली. "बापू, काय करून राह्यला तू?"

"उतरवून राह्यलो."

"कोनाले?"

"मामाले!"

"अरे मेल्या! मरनाऱ्या मानसासंगं भाव करतं का कोनी?"

"मंग साडेचारले घेऊ? माल काय आहे थेही मालूम नाही!"

शेवटी पावणेचारला पटलं. मामानं माझा अख्खा पंजा दाबला, तोंडाच्या चालत्या बाजूनं हसला, आणि गेला.

हातावरचा सौदा मोडता येत नाही. त्याला साक्षीदार नसतो, म्हणूनच तो पाळायचा. पण पाळू काय? भटजी तीन गाई नि एका कालवडीवर आले. धाकट्या मामांनी तीन वावरं नि नाल्याकडचा तुकडा मागितला. मामी तीन धामांवर उतरली, पण पाऊण धाम कसा करतात ते कोणालाच सांगता येईना. (दारापर्यंत जायचं आणि दर्शन न घेता परतायचं?)

तेरवीच्या पंगतीत माझं डोकं फिरलं. हातातला बुंदीचा टोपला मी खाली आपटला. "मेल्यावरबी मामानं मले फसवलं!"

मामीनं कढीचा पळा माझ्यावर रोखला. "कोनं फसवलं? पयले हात कोनं काढला होता?"

"मामानं."

"बजारात पयले हात कोन काढते?"

"विकनारा."

"मंग मरनारा मानूस काय विकते रे, बापू? थ्यायच्याजवळ जे काही साडेचार होतं, थे तुले देऊन राह्यले होते!"

भटजींनी तोंडाशी नेलेला घास खाली ठेवला.

ते साडेचार कशाचे होते, हे मला अजून कळलेलं नाही. वावरांचे, पुण्याचे, की नुसत्या मायेचे, देव जाणे! एवढं खरं की उभ्या आयुष्यात मामाला मी एकदाच खाली उतरवलं, आणि तेही तो फुकट देत असताना!